एका लढाईने युद्ध फिरतं म्हणजे नेमकं काय फिरतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मिडवेच्या लढाईला निर्णायक म्हणतात. पण पॅसिफिकमधलं युद्ध पावणेचार वर्षं चाललं, त्यातल्या एका दिवशी जपानची चार जहाजं गेली. एवढ्याने युद्ध कसं फिरेल? की हे नंतर चढवलेलं कौतुक आहे?"

थोडं कौतुक चढवलेलं आहेच. पण गाभा खरा आहे, आणि तो मोजायला आपल्याच घरातली एक मोजपट्टी कामाला येते. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती जी सावकारी चिठ्ठी पडली असं सांगतात, तिच्यातला मजकूर आपल्याला शाळेपासून पाठ असतो: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, खुर्दा म्हणजे बाकीची फौज. माणसांना खुर्दा म्हणणं आज कानाला खटकतं, पण सावकार हिशेबाला पक्का होता. सगळं नुकसान एका भावाचं नसतं, हे त्याने बरोबर पकडलं. लढाई निर्णायक ठरली का हे तपासताना मेलेल्यांच्या आकड्यापासून सुरुवात करू नये. जे गेलं ते परत उभं करायला किती काळ लागणार होता, आणि तेवढा काळ हरणाऱ्याच्या हातात होता का, हे आधी विचारावं.

आता मिडवे, म्हणजे पॅसिफिकमधल्या अमेरिकी ताब्यातल्या बेटाजवळ ४ जून १९४२ ला झालेली लढाई. १९४२ च्या एप्रिलपर्यंत जपानचे अॅडमिरल नागुमो यांच्या विमानवाहू ताफ्याला अडवणारं कोणी नव्हतं. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर झालं. मग हाच ताफा हिंदी महासागरात आला, ५ एप्रिलला कोलंबो आणि ९ एप्रिलला त्रिंकोमाली भाजून काढलं, ब्रिटिशांचं 'हर्मीस' हे विमानवाहू जहाज बुडवलं. त्याच सुमारास दुसऱ्या जपानी तुकडीने बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजांची शिकार केली आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. मिडवे म्हणजे कुठलं तरी लांबचं बेट असं वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: त्या जूननंतर हा ताफा हिंदी महासागरात पुन्हा कधी फिरकला नाही.

या ताफ्याचं बळ कशात होतं? तोफांमध्ये नव्हतं. सहा मोठी विमानवाहू जहाजं एकत्र चालवायची आणि त्यांच्यावरची विमानं एकाच फळीत, एका मुठीसारखी हाणायची, ही पद्धत तेव्हा जगात फक्त जपान्यांना साधली होती. सहा जहाजांचा एकच जीव. म्हणून मोती कोणते ते आधीच सांगून ठेवतो: ही जहाजं आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली माणसं.

मिडवेला सहापैकी चारच आली. 'अकागी', 'कागा', 'सोर्यू' आणि 'हिर्यू'. मे महिन्यात कोरल समुद्रातल्या लढाईत 'शोकाकू'ला बॉम्ब लागले होते, ती दुरुस्तीत होती. 'झुइकाकू'ला ओरखडाही नव्हता, पण तिची विमानं आणि वैमानिक बरेच गेले होते. दुसऱ्या जहाजाची विमानं तिच्यावर चढवून तिला नेता आलं असतं. जपानी रिवाजात ते बसत नव्हतं: विमानपथक जहाजाचं, जहाज पथकाचं. अमेरिकेने त्याच वेळी नेमकं उलट केलं. कोरल समुद्रात बॉम्ब खाल्लेली 'यॉर्कटाउन' २७ मे रोजी पर्ल हार्बरला पोचली, अंदाज तीन महिन्यांच्या दुरुस्तीचा होता. सुक्या गोदीत घेऊन कामगारांनी रात्रंदिवस ठिगळं मारली आणि ३० मे रोजी ती पुन्हा समुद्रात होती, तीही बहुतेक दुसऱ्याच जहाजाची, 'साराटोगा'ची, विमानं घेऊन. म्हणजे जपानची सहाची चार झाली आणि अमेरिकेची दोनाची तीन. हे सगळं पहिली गोळी झाडण्याआधी, गोदीत आणि कचेरीत ठरलं. 'अचानक नशीब फिरलं' या भाषेत मिडवे सांगणारे हा भाग गाळतात.

दुसरी तयारी बिनतारी संदेशांची. पर्ल हार्बरच्या तळघरात जोसेफ रोशफोर्ट यांची तुकडी जपानी नौदलाची सांकेतिक लिपी तुकड्यातुकड्याने उलगडत होती. हल्ल्याच्या ठिकाणाचं नाव संदेशांत 'एएफ' असं यायचं. ते मिडवेच का, याची खात्री करायला मिडवेवरून उघड्या भाषेत खोटा संदेश पाठवायला लावला, की खाऱ्याचं गोडं पाणी करण्याचं यंत्र बिघडलंय. थोड्याच काळात जपानी संदेश पकडला गेला: 'एएफ'वर पाण्याची टंचाई. नंतर पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराचे प्रमुख निमिट्झ यांचे गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन यांनी जपानी जहाजं कुठल्या दिशेला, किती मैलांवर, किती वाजता दिसतील ते आधीच सांगितलं. ते पाच मैल, पाच अंश आणि पाच मिनिटांनी चुकले. तरी हेही खरं की नुसत्या बातमीने जहाज बुडत नाही. बातमीमुळे तीन अमेरिकी जहाजं योग्य जागी दबा धरून बसली, इतकंच.

जपानी आरमाराचे प्रमुख यामामोतो यांची योजना मात्र विखुरलेली होती. काही विमानवाहू जहाजं उत्तरेला अल्यूशियन बेटांकडे, ते स्वतः 'यामातो' या महाकाय युद्धनौकेवर नागुमोंच्या शेकडो मैल मागे. कागदावर प्रचंड आरमार, पण मारा करण्याच्या जागी चार विमानवाहू जहाजं आणि सुमारे अडीचशे विमानं. समोर तीन अमेरिकी जहाजांची सुमारे दोनशे तीस, शिवाय मिडवेच्या धावपट्टीवरची सव्वाशेच्या आसपास. एकूण आरमाराची तुलना करून 'लहानाने मोठ्याला हरवलं' म्हणणं म्हणूनच फसवं आहे. मारा होतो तिथे किती बळ होतं ते मोजा.

४ जूनची सकाळ. साडेचारला नागुमोंनी १०८ विमानं मिडवेवर सोडली आणि तेवढीच जवळ ठेवली, कारण अमेरिकी जहाजं अनपेक्षित उगवली तर त्यांच्यावर टाकायला हवीत. त्यासाठी 'अकागी' आणि 'कागा'वरच्या विमानांना पाणतीर (पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारे टॉर्पेडो) लावलेले होते. टेहळणीला निघाली फक्त सात विमानं, एवढ्या मोठ्या समुद्रासाठी. त्यातलं 'टोने' या क्रूझरचं एक अर्धा तास उशिरा. सात वाजता हल्ल्याच्या म्होरक्याने, तोमोनागा यांनी, कळवलं की मिडवे अजून जिवंत आहे, दुसरा हल्ला हवा. सव्वासातला नागुमोंचा हुकूम सुटला: पाणतीर काढा, जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावा.

हा हुकूम वाचायला एका ओळीचा आहे. हँगरमध्ये, म्हणजे डेकखालच्या विमानं ठेवायच्या दालनात, तो कसा उतरतो ते पाहा. पाणतीर आठशे किलोच्या वर. तो विमानाच्या पोटाखालून गाड्यावर उतरवायचा. पाणतिराचा आणि बॉम्बचा आधार वेगळा, म्हणून पोटाखालचे कोंडे खोलून दुसरे बसवायचे. मग बॉम्ब वर आणायचा, गाड्यावर ठेवायचा, चढवायचा, आवळायचा. गाडे सगळ्या विमानांना एकाच वेळी पुरतील इतके नसतात, त्यामुळे काही विमानं झाली की पुढची घ्यायची. पूर्ण अदलाबदलीला दीड-दोन तास. आणि हे सगळं चालू असताना जहाज मिडवेवरून आलेल्या विमानांचे हल्ले चुकवायला एका कुशीवरून दुसरीवर कलंडतंय.

अर्ध्या तासात टेहळणीवाल्याचा संदेश आला: शत्रूची दहा जहाजं. पावणेआठला हुकूम फिरला: अदलाबदल थांबवा. तोवर काही विमानांवर बॉम्ब चढले होते, काहींवर पाणतीर तसेच होते. सव्वाआठनंतर पुढचा संदेश, त्यांच्यात एक विमानवाहू दिसतंय. तेवढ्यात तोमोनागांची विमानं परत येऊन डोक्यावर घिरट्या घालू लागली, इंधन संपत आलेलं, काही जखमी. 'हिर्यू'वरून तिथले अॅडमिरल यामागुची यांनी आग्रह धरला की हाताशी आहे त्याने आत्ताच हल्ला करा. नागुमोंनी ठरवलं, आधी आपली विमानं उतरवू, मग सगळं जुळवून एकत्र मारा करू. नियमाने बरोबर. सव्वानऊपर्यंत उतरवणं चाललं. उतरवलेले बॉम्ब खाली कोठारात पाठवायला कोणाला वेळ नव्हता, ते हँगरच्या भिंतीला लावून ठेवले.

इथून पुढचा भाग बहुतेकांनी चुकीचा ऐकलेला असतो. प्रचलित गोष्ट अशी, की जपानी डेकवर विमानं रांगेत उभी होती, पाच मिनिटांत उडणार होती, तेवढ्यात आभाळातून बॉम्ब पडले. जपानी नोंदी नीट तपासल्यावर ते टिकत नाही. हल्ल्याची विमानं खाली हँगरमध्येच होती. ती डेकवर आणून मांडायला, इंजिनं तापवायला पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ डेक मोकळा मिळालाच नाही. कारण सुमारे ९:२० पासून अमेरिकेची पाणतीर टाकणारी विमानं, एकामागून एक तीन तुकड्यांत, येत राहिली. मंद विमानं, पाण्याला लागून सरळ रेषेत येणारी, बेभरवशाचे पाणतीर. ४१ पैकी ६ परतली. 'हॉर्नेट'च्या तुकडीतली पंधराच्या पंधरा पडली, त्यातल्या तीस जणांपैकी एकच जगला. एकही पाणतीर लागला नाही.

मग उपयोग काय झाला? 'झीरो विमानं (ताफ्याचं रक्षण करणारी जपानी लढाऊ विमानं) खाली ओढली गेली' हे उत्तर फक्त शेवटच्या तुकडीपुरतं खरं आहे. पहिल्या हल्ल्यानंतर झीरोंना पुन्हा वर चढायला भरपूर वेळ होता. खरा उपयोग वेळेचा. प्रत्येक हल्ला चुकवायला जहाजं वळत राहिली, आणि झीरोंना उतरून दारूगोळा भरून पुन्हा उडावं लागत राहिलं, कारण त्यांच्या २० मिलिमीटरच्या तोफेला साठच गोळ्या, काही सेकंदांत संपणाऱ्या. डेक झीरोंनी व्यापलेला, हल्ल्याची विमानं खाली अडकलेली. या जहाजांवर रडार नाही, विमानांमधले बिनतारी संच कामचलाऊ. वर कोणी आलं तर डोळ्यांनीच दिसायचं.

वर कोणी तरी आलं होतं. 'एंटरप्राइझ'ची डाइव्ह बॉम्बर, म्हणजे वरून सूर मारून बॉम्ब टाकणारी, विमानं घेऊन निघालेल्या मॅक्लस्की यांना ठरल्या जागी रिकामा समुद्र मिळाला. इंधन कमी होत असताना ते शोधत राहिले. दहाला पाच मिनिटं कमी असताना त्यांना एकटी विनाशिका भरधाव जाताना दिसली. ती 'अराशी', अमेरिकी पाणबुडीला दाबून ठेवायला मागे राहिलेली आणि आता ताफा गाठायला निघालेली. मॅक्लस्कींनी तिची दिशा धरली. 'यॉर्कटाउन'ची विमानं दुसऱ्या बाजूने, कोणतंही संगनमत नसताना, जवळपास त्याच मिनिटाला पोचली.

१०:२२ ते १०:२८. 'कागा'वर किमान चार बॉम्ब, 'सोर्यू'वर तीन. 'अकागी'चं उदाहरण बोलकं आहे. मॅक्लस्कींच्या दोन्ही तुकड्या गोंधळाने 'कागा'वरच उतरल्या. रिचर्ड बेस्ट यांनी सूर अर्धवट सोडला, दोन जोडीदारांना घेऊन ते 'अकागी'कडे वळले. तीन विमानं, तीन बॉम्ब, त्यातला एकच थेट बसला, साडेचारशे किलोचा. मधल्या लिफ्टच्या कडेला डेक फोडून तो वरच्या हँगरमध्ये फुटला, इंधन भरलेल्या आणि पाणतीर लावलेल्या विमानांमध्ये.

एका बॉम्बने एवढं मोठं जहाज जात नाही. बॉम्बने आग लागली, जहाज आगीने गेलं. जपानी हँगर बंदिस्त, चारी बाजूंनी पोलादी. स्फोटाचा दाब बाहेर जायला वाट नाही, पेटती विमानं समुद्रात ढकलायलाही वाट नाही. भिंतीला लावलेले बॉम्ब तापून एकेक फुटू लागले. अमेरिकी जहाजांचे हँगर बाजूंनी उघडे असत, आणि 'यॉर्कटाउन'वर तर हल्ला दिसताच पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरला होता. त्याच दुपारी 'हिर्यू'च्या विमानांनी तिच्यावर तीन बॉम्ब टाकले. तिची आग विझली, आणि दोनेक तासांत ती पुन्हा इतकी चालू लागली की 'हिर्यू'च्या दुसऱ्या तुकडीला वाटलं हे दुसरंच जहाज. दोन पाणतीर मारून त्यांनी कळवलं की आता दोन बुडवली. वास्तविक एकालाच दोनदा मारलं होतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास 'हिर्यू'वरही चार बॉम्ब पडले. 'यॉर्कटाउन'ला ६ जूनला जपानी पाणबुडीने गाठलं, ७ तारखेला ती बुडाली.

आता चिठ्ठी मांडू. खुर्दा: सुमारे अडीचशे विमानं, जी जपानी कारखान्यांना काही महिन्यांत भरून काढता येत होती. मोहरा: जपानचे एकूण मेलेले ३,०५७, अमेरिकेचे ३०७. 'जपानचे सगळे नामी वैमानिक मिडवेला गेले' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते खरं नाही. वैमानिक आणि विमानातले सहकारी मिळून ११० गेले, त्यातले बहुतेक 'हिर्यू'चे. जास्त बोचणारा आकडा हँगरमधल्या मिस्त्रींचा आहे, सातशेहून अधिक. वैमानिकांच्या नावाने पोवाडे होतात, पण ते कोंडे खोलणारे-आवळणारे हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि त्यांचं नाव कुठेच नसतं. मोत्ये: चार जहाजं. त्या तोडीचं नवं जहाज, 'ताइहो', जपानला १९४४ च्या मार्चमध्ये मिळालं. अमेरिकेत १९४० च्या कायद्याने मंजूर झालेली जहाजं तोवर गोदीत उभी राहत होती. युद्ध संपेपर्यंत 'एसेक्स' जातीची १७ सेवेत आली.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: मग अमेरिका कशीही जिंकलीच असती, मिडवेने काय बदललं? शेवट कदाचित बदलला नसता. बदललं ते हे, की जपानच्या हातात जो काळ होता तो गेला. जपानची सगळी भिस्त १९४२ वर होती: नवी अमेरिकी जहाजं उतरायच्या आत असे तडाखे द्यायचे की अमेरिका तहाला येईल. ते साधायला सहा जहाजांची मूठ हवी. ४ जूनला मूठ गेली आणि घड्याळ चालूच राहिलं. दोनच महिन्यांनी, ७ ऑगस्टला, अमेरिकी फौज दक्षिण पॅसिफिकमधल्या ग्वादालकॅनाल बेटावर उतरली. कुठे लढायचं हे त्या दिवसापर्यंत जपान ठरवत होता, आता अमेरिका ठरवू लागली.

तुलनेला आपल्याकडची दोन उदाहरणं, थोडक्यात. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडला बाजीरावाने निजामाला पाण्यावाचून कोंडलं. जड तोफखाना मागे राहिलेला, औरंगाबाद वाचवायला घाईने निघालेली फौज. रक्त फारसं सांडलं नाही, तरी मार्चमध्ये मुंगी-शेवगावला निजामाने शाहूंचा हक्क आणि चौथ-सरदेशमुखी मान्य केली. निजामाचं मोती म्हणजे शाहूंविरुद्ध कोल्हापूरच्या संभाजींचा दावा पुढे करण्याचा डाव. तो मोडला, त्यामुळे माणसं न मरताही युद्ध फिरलं. पानिपतात उलट. १४ जानेवारी १७६१ ला एवढा संहार होऊनही जिंकणाऱ्या अब्दालीला उत्तरेत ठाण मांडता आलं नाही, आणि १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते. सरदार दहा वर्षांत उभे राहिले. पेशव्यांचा सगळ्या सरदारांवरचा एकछत्री वचक मात्र परत पूर्वीसारखा बसला नाही. म्हणून पानिपत 'निर्णायक' होतं का, या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं येतात: उत्तरेच्या राजकारणात नाही, पुण्याच्या सत्तेत हो.

मिडवेची चिठ्ठी जपानने आपल्याच लोकांपासून लपवली. विजयाच्या बातम्या छापल्या, जखमी खलाशांना इस्पितळात इतरांपासून वेगळं ठेवलं. त्याचा तोटा असा, की किती गेलं हेच ज्यांना ठाऊक नाही ते पुढच्या मोहिमा जुन्याच हिशेबाने आखतात. ग्वादालकॅनालच्या धावपट्टीला अमेरिकेने मिडवेत मारल्या गेलेल्या मेजर हेंडरसन यांचं नाव दिलं, आणि ती परत घेण्यासाठी जपानने महिनोन्‌महिने विमानं आणि जहाजं ओतली. २६ ऑक्टोबरला सांताक्रूझच्या लढाईत 'हॉर्नेट' बुडवून जपान वरचढ ठरला, पण त्या एका दिवसात त्याचे मिडवेपेक्षा जास्त वैमानिक गेले. मोत्ये जूनमध्ये गळाली होती, मोहरा इथे गेल्या. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९४२ ला, 'एसेक्स' अमेरिकी नौदलात दाखल झाली.